आबाजीची सहमती

सावनेरची एक बाई दुपटं मागून राहिली होती अन ॲप तिले दुपटं दाखवतच नव्हतं. शेवटी बाईनं फोन केला. म्हणे, सुनेले आठवा लागला, तुमच्या आईच्या हातचीच दुपटी पायजे, मी शोधून शोधून थकली, तुमचं दुकान कुठंच दिसत नाही. दीपालीनं तिले सांगतलं का दुकान आहे, पण तुमाले नाही दिसणार, कारण तुमी महाराष्ट्रात बसल्या. बाई म्हणाली, "मंग मी कुठं बसू?"

प्रश्न बरोबर होता. सौंसरहून सावनेर म्हणजे बसमध्ये शेंगदाण्याची पुडी सोडली अन ती संपाच्या आत आलं. सौंसरची निम्मी सोयरीक तिकडची, दवाखाना तिकडचा, बोलणंही तिकडचंच. पण मधात हद्द आहे, सौंसर मध्यप्रदेशात अन सावनेर महाराष्ट्रात. अन कायदा असा का छोट्या दुकानदारानं ॲपवर माल विकायचा असंन तर बिना जीएसटीचाही विकता येते, नुसता एक नोंदणी नंबर घ्या लागते, फुकटात. पण त्या नंबरावर माल आपल्याच राज्यात फिरला पायजे. म्हणजे सरलाबाईचं दुपटं भिंडले जाऊ शकत होतं, मुरैन्याले जाऊ शकत होतं, जिथं जायचं तर आगगाडीत झोपून जा लागते. सावनेरले नाही. सावनेरले जायचं तर दुपट्याले जीएसटी लागते. झबल्यालेही लागते.

सरलाबाई म्हणजे दीपालीची आई. घराच्या समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या दारापाशी तिची मशीन. ती नवजात लेकरांचं शिवे. दुपटं, झबलं, टोपरं. तेही जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. आपल्याकडं तान्ह्या लेकराले नवं कापड घालत नाही, चावते ते. हे सौंसरात कोणाले समजावून सांगा लागत नाही. पण बाजारात रेडिमेडचे डबे आले, वरून प्लास्टिक, आतून ससा छापलेला, अन गिऱ्हाईक त्या सशाच्या मागं गेलं. दीपालीचे बाबा, दादाराव, एक दिवस जेवता जेवता म्हणाले का दिवाळीपर्यंत पाहू, नाही तर समोरची खोली भाड्यानं देऊन टाकू, मोबाईलवाले विचारून राहिले. दुसऱ्या दिवशी मशीन सकाळी लवकर सुरू झाली, एवढंच.

ती खोली म्हणजे सरलाबाईची शेती, नोकरी, माहेर, सगळं तेच होतं. तिथं बायका येत, बसत, लेकराचं नाव काय ठेवावं ते विचारत. मागच्या घरात ती कोणाची बायको, कोणाची सून. समोर ती सरलाबाई.

म्हणून दीपालीनं ठरवलं का खोली वाचवायची. दीपालीले ठरवाले वेळ लागत नाही. दहावीनंतर तिनं शाळा सोडली तेही असंच. मॅडम म्हणाल्या, तुझ्या डोक्यात कापूस भरला आहे. हिनं पुस्तक बेंचावर ठेवलं, म्हणाली, मंग जिनिंगमधी जातो, अन निघून आली. जिनिंगमधी काही गेली नाही, घरीच बसली. तेव्हापासून तिची नजर सगळ्यांच्या चुका टिपत फिरे, अन तोंड त्या लगेच सांगून मोकळं होई.

तर पह्यला तो फुकटचा नंबर घेतला. घेतला आईच्या नावानं, कारण दीपाली अजून अठराची व्हायची होती. नंबर आला, फोटो टाकले, अन खरंच ऑर्डरी आल्या. ग्वाल्हेर. रीवा. भिंड. सरलाबाईनं ही गावं फक्त बातम्यात ऐकली होती. तिनं प्रत्येक पुडक्यात निंबाची पानं टाकली, लेकराले नजर नको लागाले. मंग माल परत याले लागला. कारणात लिहिलेलं, कपड़ा पुराना है. सोबत फोटो, त्यावर लाल गोल काढलेला, जसा काही चोर पकडला. सरलाबाईनं तो फोटो लय वेळ पाह्यला. तिले समजतच नव्हतं का तक्रार कशाची आहे. जुनं कापड आहे, हेच तर त्याचं चांगलं.

दीपालीनं उत्तर लिहिलं, पुराना ही होता है, अपनी सास से पूछो. ॲपनं तिले ताकीद दिली. तिनं ताकीदलेही उत्तर दिलं. मंग ॲपनं दुकान आठवडाभर बंद ठेवलं.

म्हणजे गोष्ट साफ होती. ज्यांले जुन्या कापडाची किंमत समजत होती ते सारे हद्दीच्या पलीकडं राहत होते, अन तिकडं जायाले जीएसटी लागत होता.

हे गल्लीत समजलं अन सल्ले सुरू झाले. शेजारच्या पंचफुलाबाईनं सांगतलं का लोधीखेड्यात एकानं हा जीएसटीचा नंबर घेतला तर त्याच्या पोरीचं जमलेलं मोडलं. कसं मोडलं ते तिले माहीत नव्हतं, पण आधी नंबर आला अन मंग मोडलं, हे तिनं डोळ्यानं पाह्यलं होतं. तिचा दुसरा सल्ला असा का घेयाचाच असंन तर दुसऱ्याच्या नावानं घ्या. कोणाच्या, असं विचारलं तर म्हणाली, ते मी कसं सांगू, माह्या नको.

ऑनलाइन सेंटरवाल्या प्रवीणनं मातर एकदम सोपं सांगतलं. आधार, पॅन, फोटो, बँक, अन जागेचा कागद. जागेचा कागद म्हणजे लाइटचं बिल. बिल धंदा करणाऱ्याच्या नावाचं नसंन तर ज्याच्या नावाचं आहे त्याची सहमती. एक कागद, एक सही. मामुली.

लाइटचं बिल पुंडलिकरावच्या नावाचं होतं. पुंडलिकराव म्हणजे दीपालीचे आबाजी, दादारावचे वडील. अन ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता इथं बाहेरच्या माणसाले वाटंन का मेलेल्या माणसाच्या नावानं बिल कसं काय येते. येते. दादाराव नगरपालिकेत नळपट्टीच्या टेबलावर होते अन त्यांच्या रजिस्टरात निम्म्या सौंसरचे नळ मेलेल्या माणसांच्या नावानं चालत. मेलेले लोक वेळेवर पाणी घेत, वेळेवर पट्टी भरत. जित्यांपेक्षा बरे, असं दादाराव म्हणत. घरचं लाइटबिल ते फोनवरून नाही भरत, खिडकीवर जात, अन निघताना सांगत, "आबाजीचं बिल भरून येतो." रीडिंगवाला पोरगाही दारातून हाक मारे, पुंडलिकजी, मीटर. अन घरातून कोणीतरी ओ देई. एवढी वर्षं कोणाले काही वावगं वाटलं नव्हतं.

प्रवीणनं छापील कागद दिला. मैं, पुंडलिक, अपनी राजी-खुशी से. दीपालीनं सेंटरच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, फटफटीच्या सीटवर कागद ठेवला अन सही करून टाकली. म्हाताऱ्या माणसाची सही थरथरती पायजे म्हणून डाव्या हातानं केली. एवढी अक्कल तिले होती. खाली तारीख पायजे होती, तर तिनं त्या दिवशीची टाकली. तेवढी नव्हती.

आईले तिनं सांगतलं का सगळं झालं. बाबाले सांगतलंच नाही, कारण बाबा आधी चष्मा पुसतात, मंग नाही म्हणतात.

थोड्या दिवसांनी अर्जावर सवाल आला. जागेच्या मालकाची ओळख पटवा, मालकाले घेऊन ऑफिसात या. ऑफिस कुठं, हा पुन्हा वेगळा तमाशा. पांढुर्णा आता जिल्हा झाला, तर सगळे म्हणत पांढुर्ण्याले जा. मायलेकी पांढुर्ण्याले गेल्या. तिथं एकानं सांगतलं का जिल्हा इथं आला, पण तुमचं टेबल अजून नाही आलं, टेबल छिंदवाड्यात आहे. दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याची बस. घाटात सरलाबाईले उलटी झाली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, सरकारी कामाले जायाचं म्हणून.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं, बसवलं, कागद काढला अन म्हणाला, "मालिक को भी ले आते, दो मिनट का काम था।"

दीपाली काही बोलाच्या आत सरलाबाईनं खरं ते सांगून दिलं. म्हणजे तिले माहीतच नव्हतं का खरं सांगाचं नाही. "साहेब, वो तो नहीं रहे. बहोत साल हुए."

साहेबानं कागद पाह्यला. मंग तारीख पाह्यली. मंग दीपालीकडं. "तो ये पिछले महीने किसने लिखा?"

दीपालीनं दोन्ही बाजूले पाह्यलं. रागानं तिचे कान लाल झाले होते, पण राग कोणाचा, हे अजून ठरलं नव्हतं. ती म्हणाली, "लिखते वक्त थे।"

बाजूच्या टेबलावरचा बाबू हसला. साहेब नाही हसला, अन हेच जास्त वाईट झालं. त्यानं कागद घडी करून सरलाबाईच्या हातात परत दिला. सांगतलं का हा कागद तुमी दिलाच नाही असं मी समजतो, नाही तर केस होते, पोरगी लहान आहे. आता मालकाच्या मृत्यूचा दाखला आणा, वारसांची नावं आणा, सगळ्या वारसांची सहमती आणा. मुदतीच्या आत. नाही तर अर्ज गेला.

येताना बसमध्ये दीपालीनं सहीचं सारं सांगतलं, तर सरलाबाईनं एकच विचारलं, डाव्या हातानं कायले केली. बाहेर संत्र्याच्या बगीच्यांत फवारणी सुरू होती अन सारी बस त्या वासानं भरून गेली होती.

घरी आल्यावर सरलाबाईनं सारं सांगतलं, अन दादारावनं चष्मा पुसला. मंग तो कागद मागतला. आबाजी गिरणीत कामाले होते, रात्रीच्या शाळेत सही शिकले होते, अन सही अशी करत का साहेब लोक वाकून पाहत. खाली एक लांब रेघ ओढत, बिना थांबता. दादारावनं त्या थरथरत्या गिचमिडीवरून बोट फिरवलं.

"आबाजीची सही अशी नव्हती," ते म्हणाले.

दीपालीले वाटलं होतं, आता आवाज चढंन. तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. का तुमी नाव बदलवलं असतं तर ही पाळी आली नसती. का दुसऱ्यांच्या नळाची पट्टी लिहून लिहून तुमाले घरचं दिसत नाही. तिनं त्यातलं एक सांगूनही दिलं. दादाराव तिच्याकडं बघतच राहिले, जसं काही हे एवढं सोपं तिले कसं समजत नाही.

"अव, मेल्या माणसाच्या नावानं घर असलं का भाऊ भाऊ राह्यते," ते म्हणाले. "नाव काढलं का हिस्सेदार होते. म्हणून कोणी काढत नाही. साऱ्या गावाले समजते हे, तुले नाही समजलं."

पण आता दाखला आणाच लागत होता. आबाजी नागपूरच्या दवाखान्यात वारले होते, दाखला तिथला, अन तो होता हेमराजकडं. हेमराज म्हणजे दादारावचा लहान भाऊ, नागपूरले एका शोरूममध्ये मॅनेजर. वर्षातून एकदा जयंतीले येई, आबाजीच्या फोटोले हार घाली, वहिनीच्या हातची भाकर खाऊन परत जाई. कधी कोणी कोणाले काही मागतलं नव्हतं. दादारावनं फोन लावला. फोनवर ते जास्त हसून बोलले, जसं कर्ज मागणारा माणूस बोलते तसं.

हेमराज रविवारी आला. संत्र्याच्या गावात नागपूरची संत्रा बर्फी घेऊन आला. जेवला, हात धुतले, पानाची डबी काढली, अन मंग म्हणाला का दाखला आणला आहे. त्यानं तो टेबलावर ठेवला अन वर आपला हात ठेवला.

सहीची गोष्ट त्याले आधीच समजली होती. पंचफुलाबाईची बहीण नागपूरले त्याच्याच गल्लीत राह्यते, आता यात पंचफुलाबाईचा तरी काय दोष. तिनं नुसती ख्यालीखुशाली कळवली होती.

"दादा, मी काही भांडाले नाही आलो," हेमराज म्हणाला. "पण आबाजीची सही घरात तयार होऊन राहिली, अन मले बाहेरून समजून राहिलं. आज सहमतीवर केली, उद्या कशावर होईन?"

दादाराव म्हणाले, पोरीनं केली, तिले समजत नाही.

"समजत नाही म्हणूनच आता कागद करून टाकू. जित्यांच्या नावानं."

दीपाली दारात उभी होती. ती मधात बोलाले लागली, तर दादारावनं नुसता हात वर केला, अन ती गप बसली. जन्मात पह्यल्यांदा गप बसली असंन. सरलाबाई आतमधी चहा ठेवून राहिली होती. चहा उकळून उकळून काळा झाला तरी तिनं भांडं उतरवलं नाही.

वाटणी भांडणाबिगर झाली. लोक म्हणत, पहा, दोघं भाऊ किती समजदार. कागदावर घर आडवं कापलं. मागं स्वयंपाक, मोरी, झोपाची खोली. समोर रस्त्याकडची एक खोली अन ओसरी. हेमराजनं दादाले निवड करू दिली, तो तेवढा मोठ्या मनाचा होता. अन दादारावनं मागचं घेतलं, कारण माणूस दुकानात राहू शकत नाही अन मोरीबिगर जगू शकत नाही. हे सारं त्यांनी सरलाबाईले विचारूनच केलं. ती म्हणाली, बरोबर आहे. दुसरं काय म्हणंन.

हेमराज जाताना म्हणाला, "वैनी, मशीन राहू द्या आरामात, मले काही घाई नाही." महिना व्हायच्या आत त्याचा फोन आला का मोबाईलवाला भाडेकरू भेटला आहे, चांगला पोरगा आहे. मिस्त्री आला, मधातलं दार बुजवलं, भिंत ओढली. मशीन मागं न्यायाची तर मागच्या दारातून जाईना, तिचे पाय काढा लागले. ती आता मोरीच्या बाजूले, जिथं उजेड येत नाही, तिथं ठेवली. बायका शिवाले आल्या तरी त्यांले गल्लीतून, नालीवरून, वाळत घातलेल्या कपड्याखालून वाकून या लागे. एकदोन आल्या. मंग कोणी नाही आलं.

यात एक गोष्ट राहून गेली होती. तो अर्ज. अर्जात धंद्याची जागा म्हणून समोरचीच खोली लिहिली होती, रस्त्याच्या नावासकट. प्रवीण म्हणाला, आता पत्ता बदलवाल तर पुन्हा पह्यल्यापासून सुरू, पुन्हा छिंदवाडा. अन मुदत सरत आली होती. म्हणून हेमराजनं, नवा मालक म्हणून, खुशीनं सहमती लिहून दिली का माझ्या मालकीच्या या खोलीत माझी वहिनी धंदा करू शकते. त्याच खोलीचं भाडं तो मोबाईलवाल्याकडून घेत होता. पण सही अस्सल होती, तारीख अस्सल होती, मालक जिता होता. ऑफिसात कागद पटकन पास झाला. एवढे दिवस जो खोटा कागद चालला नाही तो आता खरा होऊन चालून गेला.

मंग जागा पाहाले इन्स्पेक्टर आला. फटफटीवर, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. त्याले फक्त एक फोटो पायजे होता. धंदा करणारी बाई, तिची जागा, अन नावाची पाटी, एका फ्रेममधी. लोकेशनसकट.

समोरच्या खोलीत आता गुलाबचं दुकान होतं. काचेचा काउंटर, लटकलेली कव्हरं, रंगीत लाइट फिरून राहिलेली. गुलाब खरंच चांगला पोरगा होता. दीपालीनं विचारलं तर म्हणाला, घ्या न काढून, माह्या बापाचं काय जाते. दीपालीनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं, सरला बाळवस्त्र. सरलाबाई मागून, गल्लीतून फिरून आली. तेच ठेवणीतलं लुगडं. ती दारात उभी राहिली, पुठ्ठा छातीशी धरून. पाय तिचे आपोआप तिथंच पडले जिथं मशीन असे. तिथं आता चार्जरची टोपली होती, तर ती जराशी सरकून उभी राहिली.

इन्स्पेक्टरचा फोन लोकेशन पकडून नव्हता राहिला. तो फोन वर करे, हलवे, आभाळाकडं दाखवे. पंचफुलाबाई ओट्यावर येऊन उभी राहिली. सरलाबाईनं पाठ सरळ केली, पदर नीट केला, अन फोटोत जसं पाहाले पायजे तसं पाहाले लागली. दीपालीनं हे तोंड ओळखलं. पह्यल्यांदा मशीन घरी आली तेव्हाच्या फोटोत आईचं असंच तोंड होतं.

एक पोरगा फटफटी लावून आला अन म्हणाला, स्क्रीनगार्ड टाकून द्या.

"काकू," गुलाब मागून म्हणाला, अदबीनंच म्हणाला, "जराशा बाजूले व्हा न, गिऱ्हाईक आहे."

दीपालीनं तोंड उघडलं. पण बोलाचं कोणाले. गुलाब भाडं देत होता. पोरगा फोडलेला फोन घेऊन आला होता. इन्स्पेक्टर आपलं काम करून राहिला होता. सही तिची होती. तिनं तोंड मिटलं.

सरलाबाई बाजूले झाली. जशी ती कोणासाठीही झाली असती, तशीच, पुठ्ठा धरूनच. तेवढ्यात लोकेशन लागलं अन फोटो निघाला. त्यात काउंटर होता, रंगीत लाइटा होत्या, पोराची पाठ होती, अन कडेले पाटी धरलेली अर्धी बाई.

इन्स्पेक्टरनं फोटो मोठा करून पाह्यला.

"चलेगा," तो म्हणाला.